अंगणवाडीचं माहेर: डहाणू



मे महिना लागला की आपल्या नागपुरात घरोघरी दोन गोष्टींची चर्चा असते. कूलरच्या ताट्या बदलल्या का, आणि सुट्टीत कुठे जायचं. आपण राहतो देशाच्या मध्यावर. झिरो माइलच्या दगडापासून कोणत्याही दिशेनं निघा, समुद्र लांबच. त्यामुळे समुद्र म्हटलं की आपल्या तोंडी एकतर गोवा येतं, नाहीतर अलिबाग. आज मी तुम्हाला एका तिसऱ्याच गावाला घेऊन जाणार आहे. त्या गावाचं नाव डहाणू.

महाराष्ट्राचा किनारा उत्तरेकडे जिथे संपत येतो, तिथे हे गाव आहे. पुढे घोलवड, बोर्डी, झाई, आणि मग गुजरात. पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, तेव्हापासून तो पालघरमध्ये आहे. गाव म्हणावं तर नगरपालिका आहे, शहर म्हणावं तर २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास. बाजारात मराठीइतकीच गुजराती ऐकू येते आणि दोन्हींच्या मधून वारली बोली.

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या भिशीतल्या नऊ जणी मिळून आम्ही तिथे गेलो होतो. नऊपैकी तिघी अंगणवाडी सेविका. खरं तर त्या तिघींमुळेच डहाणू ठरलं. का, ते पुढे सांगते. आधी जायचं कसं ते ऐका, कारण प्रवास जमला तरच पुढचं सगळं.

नागपूरहून रात्रीची मुंबईची गाडी धरायची आणि सकाळी दादरला उतरायचं. तिथून पश्चिम रेल्वेनं विरार, आणि विरारहून डहाणू रोडची लोकल. २०१३ पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते. दादरपासून अडीच-तीन तास धरा. विरार सुटलं की वैतरणेची खाडी लागते, मग सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव. खिडकीतून मिठागरं आणि ताडाची झाडं दिसायला लागली की मुंबई मागे पडली असं समजायचं. लांबच्या गाडीचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. मे महिन्यात जायचं तर मार्चमध्येच बायकांना गोळा करा. नाहीतर ठरवण्यातच सुट्टी संपते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. समुद्रावर गेलो म्हणजे गार वाटेल, या भ्रमात राहू नका. डहाणूचा पारा आपल्या पंचेचाळीसपर्यंत चढत नाही हे खरं. पण आपल्याकडे घाम येतो आणि वाळतो, तिथे वाळतच नाही. सुती कपडे न्या, एक जोड जास्तीचा न्या. दुपारी बारा ते चार बाहेर पडू नका. तिथली माणसंही पडत नाहीत. फिरायचं ते सकाळी आणि संध्याकाळी.

डहाणूपासून बोर्डीपर्यंत सुमारे १७ किलोमीटरचा किनारा आहे. सपाट, लांबच लांब, बोर्डीला कडेनं सुरूची झाडं. ओहोटीला पाणी इतकं आत जातं की समुद्र कुठे गेला असं विचारावं लागतं. आणि भरतीला ते बघता बघता परत येतं. भरतीची वेळ रोज जवळजवळ पाऊण-एक तासानं पुढे सरकते. म्हणून काल पाचला पाणी लांब होतं, आज पाचलाही लांब असेल, असा हिशेब करू नका. पाण्यात उतरण्याआधी कोळीवाड्यातल्या एखाद्या मावशीला विचारा. त्यांना घड्याळ बघावं लागत नाही.

रस्त्याच्या कडेला आदिवासी बाया ताडगोळे घेऊन बसलेल्या असतात. कोयत्यानं ताडफळ फोडून आतला गर अलगद काढून देतात. उन्हाळ्यात पोटाला थंड म्हणतात ते हेच. आणि चिकू तर डहाणू-घोलवडचा. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. इथल्या कित्येक वाड्या पारशी-इराणी कुटुंबांनी लावलेल्या, आणि त्यात काम करणारे हात बहुतेक वारली माणसांचे. आपण पिकलेला चिकू हातगाडीवरून आणतो, पण चिकू काढतात तो कच्चाच. तो झेल्यानं एकेक करून काढायचा, धुवायचा, निवडायचा आणि मग पिकत घालायचा. निवडायच्या कामाला बायाच जास्त दिसतात.

खाडीच्या बाजूला गेलात तर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले दिसतील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगायची. मासे धरून आणायचे पुरुषांनी, पण पुढचं वाळवणं, राखणं, बाजारात नेऊन विकणं हे बायांचं. आपल्याकडे आठवडी बाजारात सुके बोंबील आणि सुकट मिळते, ती अशाच कुणाच्या तरी हातची. तिथल्या एका मावशीनं आम्हाला विचारलं, तुमच्याकडे समुद्र नाही, मग तुम्ही मासे कुठले खाता? आमच्यातली भंडाऱ्याची बाई म्हणाली, आमच्याकडे तलाव आहेत मावशी, आणि तलावाचे ढीवर आहेत. मग त्या दोघींचं असं काही जमलं की आम्हाला दोघींना ओढून न्यावं लागलं. १ जूनला मासेमारी बंद होते. त्याआधी वर्षभराचं वाळवण उरकायची घाई असते. आपण कुरडया-पापडाला लागतो, त्या बोंबलाला लागतात. उन्हाळ्याचं काम सगळीकडे बायांच्याच वाट्याला.

आता त्या तीन सेविकांचं सांगते.

अंगणवाडी हा शब्द आपण रोज वापरतो. अंगणवाडीत लस, अंगणवाडीत खिचडी, अंगणवाडीतल्या ताई. पण हा शब्द आला कुठून? तो आला याच किनाऱ्यावरून. बोर्डी गावातून.

ताराबाई मोडक नावाच्या एक शिक्षिका होत्या. लग्न होऊन त्या काही वर्षं आपल्या अमरावतीला होत्या. तो संसार टिकला नाही. पुढे त्या राजकोटला, मग भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कामात पडल्या. मग मुंबईला दादरमध्ये शिशुविहार चालवलं. तिथे सगळं नीट चाललं होतं. पण लहान मुलांचं शिक्षण म्हणजे शहरातल्या, परवडणाऱ्या घरांतल्या मुलांचंच का, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली बोरिवलीच्या एका शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य माजघरात संपायचं. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. डिसेंबर १९४५ मध्ये या दोघींनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा ताराबाई पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. आपण ज्या वयात आता कशाला नवीन काही, असं म्हणतो, त्या वयात.

केंद्र सुरू झालं, पण गरिबाघरची मुलं येईनात. घरातून पाठवायला कुणी मोकळं नव्हतं, अंगावर धड कपडा नव्हता, आणि बरोबरीला बसवून घेतील की नाही अशी भीती. मग या बायांनी सरळ उलटं केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांकडे जाईल. वस्तीत जायचं, कुणाच्या तरी अंगणात झाडून-सारवून घ्यायचं, मुलांना आंघोळी घालायच्या, नखं कापायची, केस विंचरायचे, आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरली म्हणून ती अंगणवाडी.

खेळायला महागडी साधनं आणणार कुठून? समुद्रावरचे शिंपले, बिया, पानं, खडे, काड्या. मोजायला शिंपले, रंग ओळखायला फुलं, लहान-मोठं लावायला खडे. त्यात कंजूषपणा नव्हता. मुलाला जे रोज दिसतं त्यातूनच ते लवकर शिकतं, हे या दोघींनी ओळखलं होतं.

पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबादच्या टेकडीवर हललं. तिथे सगळी वस्ती वारल्यांची. इथे नवीनच अडचण. जरा मोठी मुलं गुरं घेऊन रानात जायची. मग शाळा कुरणात गेली. गुरं चरताहेत आणि झाडाखाली पाटी चालली आहे. तिचं नाव कुरणशाळा. आणि मुली? त्या धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी बसायच्या, कारण आई मजुरीला. मग तान्ह्यांचं पाळणाघर, मधल्यांची बालवाडी आणि मोठ्यांची शाळा एकाच ठिकाणी केली. भाऊ पाळण्यात, बहीण वर्गात. त्याला नाव दिलं विकासवाडी. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताई पुढे कोसबादलाच काम करत राहिल्या. त्या १९९२ मध्ये गेल्या.

२ ऑक्टोबर १९७५ ला सरकारनं एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू केली. देशभरात सुरुवातीला ३३ ठिकाणं निवडली, त्यात आपल्या मेळघाटातलं धारणी होतं. आणि या योजनेच्या केंद्राला देशभर नाव मिळालं ते अंगणवाडी. बोर्डीच्या अंगणातला शब्द समुद्रापासून निघून सातपुड्यापर्यंत पोचला, आणि पुढे सगळ्या देशात.

कोसबादला आम्ही सकाळी लवकर गेलो. डहाणूहून रिक्षानं जाता येतं. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, हे लक्षात ठेवा. मुलं बघायची असतील तर दिवाळीनंतर जा, आणि कधीही जा, आधी विचारून जा. आम्हाला मुलं दिसली नाहीत. टेकडी, झाडं आणि बंद वर्ग एवढंच. पण आमच्या तिघी सेविका तिथे बऱ्याच वेळ बसून राहिल्या. त्यातली एक हिंगण्याकडची. ती म्हणाली, माझ्या रजिस्टरात मुलं चाळीस आहेत. पण वीटभट्टीवरची मुलं त्यात नाहीत, कारण ती सहा महिने येतात आणि जातात. भट्टीवर सात-आठ वर्षांची पोर कडेवर भाऊ घेऊन उभी असते. मी रोज बसमधून तिला बघते. या बाईंनी ती पोर पन्नास-साठ वर्षांपूर्वी बघितली होती.

आम्ही कुणी काही बोललो नाही. बोलण्यासारखं होतं काय? आपल्या सेविकांना पगार नाही, मानधन आहे. वजन, उंची, लसीकरण, आहार, मोबाइलवरची माहिती, निवडणुकीची कामं, सगळं त्यांच्या अंगावर. त्यात आणखी भट्टीवर जा म्हणून सांगायला मी कोण? पण सांगते, नागपूरला परत आल्यावर भट्टीचा हंगाम सुरू झाला तेव्हा ती आठवड्यातून दोन दिवस केंद्र संपवून तिकडे जायला लागली. एक तास. चटई, थोडे खडे आणि चिंचोके. भट्टीवरच्या एका आजीबाईला तिनं तान्ह्यांना सांभाळायला बसवलं आहे. हे फार मोठं काम आहे असं ती स्वतःही म्हणत नाही. पण त्या एका तासापुरती ती पोर कडेवरचा भाऊ खाली ठेवते.

म्हणून मी डहाणूला अंगणवाडीचं माहेर म्हणते. सासरी कामाच्या रगाड्यात आपण कोण, कुठल्या, हे विसरायला होतं. माहेरी गेलं की आठवतं.

माहेरी गेल्यावर तिथल्या सुखदुःखाचीही विचारपूस करावी लागते. तीही थोडी ऐका.

हा भाग मुळात वारल्यांचा. सावकार आणि जमीनदारांकडे पिढ्यान्‌पिढ्या वेठबिगारी. ज्या १९४५ साली ताराबाई आणि अनुताई बोर्डीला आल्या, त्याच वर्षी मे महिन्यात झरी गावच्या परिषदेत वारली माणसांनी वेठ नाकारली. त्यांच्यात राहून काम करणाऱ्या होत्या गोदावरी परुळेकर. त्यांनी तो लढा 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला. डहाणूला जायच्या आधी ग्रंथालयातून आणून वाचा, म्हणजे चिकूच्या वाडीत उभं राहिल्यावर नुसती सावली दिसणार नाही. वारली चित्रं आपण साड्यांवर, कपांवर बघतो. ती मूळची लग्नाच्या घरात, गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठानं सवाशिणींनी काढायची चित्रं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणून जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चित्र घ्यायचं तर पाड्यावर, काढणाऱ्याच्या हातून घ्या, आणि भाव करू नका.

या किनाऱ्याशी आपल्या नागपूरचंही एक नातं आहे. १९९१ साली केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर केला आणि तिथल्या उद्योगांवर मर्यादा घातल्या. त्या मर्यादा पाळल्या जाव्यात म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा पाहणी करून अहवाल दिला आपल्या नागपूरच्या नीरीनं. १९९६ साली न्यायालयाच्या आदेशानं डहाणूसाठी खास प्राधिकरण झालं. त्याचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी, दादा धर्माधिकारींचे चिरंजीव, नागपुरात वकिली केलेले. दोन दशकांहून जास्त काळ त्यांनी ते काम सांभाळलं. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राला धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवावी लागली, ती या प्राधिकरणामुळे. कोराडी-खापरखेड्याच्या राखेत कपडे वाळवणाऱ्या आपल्या बायांना याचं मोल वेगळं सांगायला नको. १९९८ साली डहाणूजवळच्या वाढवणला मोठं बंदर करायला याच प्राधिकरणानं नकार दिला होता.

आता ते बंदर होतं आहे. २०२३ साली प्राधिकरणानं अटी घालून परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये. समुद्रात भराव घालून ते उभं राहणार आहे. रोजगार येईल असं सरकार सांगतं, आणि काही तरुण त्याची वाटही बघत आहेत. मच्छीमारांचा विरोध वर्षानुवर्षांचा आहे. बोंबील वाळवणाऱ्या त्या मावशीला आम्ही विचारलं तर ती एवढंच म्हणाली, माझ्या पोराला नोकरी मिळेल, मला सांगा मला काय मिळेल? वाळवणारीचं नाव कुठल्या कागदावर नसतं. होडी नवऱ्याच्या नावावर, जाळं नवऱ्याच्या नावावर. नुकसानभरपाई मोजायला बसलं की तिचं काम मोजायचं कसं, हा प्रश्न येतो. आपल्याकडे शेतीत राबणाऱ्या, पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बायांना हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

तर मैत्रिणींनो, जायचं असेल तर असं करा. तीन दिवस पुरेत. एक दिवस डहाणू आणि खाडी, एक दिवस बोर्डीचा किनारा, एक दिवस कोसबाद आणि एखादा वारली पाडा. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास जमलं तर चारोटीजवळ विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा असते, आदिवासींची मोठी जत्रा. किनाऱ्यावर प्लास्टिक टाकू नका. वाळत घातलेल्या मासळीजवळ नाक धरून उभ्या राहू नका, ते कुणाचं तरी वर्षाचं धान्य आहे. फोटो काढायच्या आधी विचारा. ताडगोळे, चिकू, सुकी मासळी जे घ्याल ते बाईच्या हातून घ्या, पैसे बाईच्या हातात द्या. आणि ओळखीची एखादी अंगणवाडी सेविका असेल तर तिला बरोबर न्या. तिच्या भाड्याची वर्गणी काढायची वेळ आली तरी काढा. गावची इतकी मुलं तिनं वाढवली. तिचं माहेर तिला दाखवायचं काम आपलं.